दोन भोवऱ्यांचा पाहुणा

आमच्या मामांनी जितकी नावाजलेली माणसं पाहिली तितकी एखाद्या मंत्र्यानेही पाहिली नसतील, पण सगळी मागून. मामा विमानतळावर व्हीलचेअर ढकलायचे. बसणाऱ्याचं तोंड पुढे आणि ढकलणारा मागे, त्यामुळे बावीस वर्षांत त्यांना थोरामोठ्यांचे फक्त माथे दिसले. वर सुपरवायझरचा दंडक असा, की प्रवाशाच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही आणि फोटोचं तर नावच काढायचं नाही. मामा नियमाचे इतके पक्के, की प्रवाशाला खुर्चीत बसवतानासुद्धा ते त्याच्या बुटांकडे बघायचे.

घरी टीव्ही लागला की मजा. पडद्यावर एखादी नटी आली की मामी विचारायच्या, "हिला ओळखता का हो?"

मामा म्हणायचे, "जरा वळू दे."

नटी वळली की लगेच, "हां, ही होय! हिला दोनदा नेलंय मी. स्वभावाने चांगली आहे, पण मागून केस विरळ झालेत."

चांगली धडधाकट माणसंही रांग चुकवायला खुर्ची मागतात आणि बाहेर आपली गाडी दिसली की टुणकन उठून चालायला लागतात, हे मामांना पाठ होतं. रविवारी चर्चच्या पायरीवर ते छाती फुगवून सांगायचे, "आमचे पाळकसाहेब नुसती प्रार्थना करतात. मी मात्र आजवर हजारभर लंगड्यांना दारापर्यंत नेऊन चालतं केलंय!" पाळकसाहेब हसायचे, पण बेताचं.

यंदा आमच्या चर्चला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. पाहुणा कोण बोलवायचा यावर बैठक बसली, आणि मामांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. एका मोठ्या गायकाचं नाव घेऊन म्हणाले, "त्यांना मी आणतो. माझ्या ओळखीचे आहेत."

आता हा गायक म्हणजे मामींचा जीव की प्राण. मामी आमच्या गायनमंडळाच्या प्रमुख. मंडळात आम्ही चौदाजणी, त्यातल्या तिघी सुरात, आणि त्या तिघींत मी नाही. चौदाजणींना ओरडून सुरात आणणारी ही बाई त्या दिवशी घरी आल्यावर हळूच म्हणाली, "अहो, खरंच विचाराल? माझ्याबरोबर एक गीत म्हणतील ते?" लग्नाला तीस वर्षं झाली, मामींनी मामांकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मामा म्हणाले, "शब्द दिला." मामांच्या बढाया आम्ही सगळे हसण्यावारी न्यायचो. मामींनी मात्र ही एक खरी धरली होती.

पंधरा दिवसांनी एका दुपारी मामांच्या खुर्चीत एक प्रवासी बसला, आणि त्याच्या डोक्यावर दोन भोवरे! सहा वर्षांपूर्वी त्या गायकाला नेलं तेव्हा मामांनी असेच दोन भोवरे पाहिले होते. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं म्हणतात, आणि गायकाची दोन्ही लग्नं पेपरात गाजली होती. आणखी पुरावा तो काय हवा? या प्रवाशाच्या पायाला खरंखुरं प्लास्टर होतं, निदान त्यावरून तरी मामांना संशय यायला हवा होता. पण नाही.

लिफ्टमध्ये मामा मागूनच म्हणाले, "साहेब, आमच्या चर्चला पन्नास वर्षं होतायत. तुमच्याशिवाय कार्यक्रमाला शोभा नाही. येऊन एक गीत गायलात तर आमच्या बायकोच्या जन्माचं सार्थक होईल."

सामानाच्या पट्ट्यापाशी प्रवाशाने आपली बॅग दाखवली. मग म्हणाला, "मी काही फारसा चांगला गात नाही हो."

मामांचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस आणि केवढी ही नम्रता!

"पण येईन," प्रवासी म्हणाला. "पत्ता लिहून द्या."

झालं, सगळे कामाला लागले. चर्चच्या सेक्रेटरींनी फाटकाला गायकाचा हातभर उंच फोटो लावला. तीस वर्षं 'पुढच्या जागेचा हव्यास धरू नका' असं शिकवणाऱ्या पाळकसाहेबांनी आपल्या घरची मखमली खुर्ची उचलून पहिल्या रांगेच्याही पुढे आणून ठेवली. मला त्यांचा रागच आला. 'कीर्ती ही देवाची देणगी' या विषयावर त्यांनी आठ पानी प्रवचनही लिहून काढलं होतं.

त्या दिवशी चर्च खच्चून भरलं. दहाला पाच मिनिटं असताना एक मध्यमवयीन गृहस्थ काठी टेकत आत आले. शर्टाची वरची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, हातात कागदात गुंडाळलेली फुलं. त्यांनी सेक्रेटरींना मामांच्या अक्षरातला पत्ता दाखवला आणि आनंदाने विचारलं, "फाटकावर फोटो पाहिला. तेही येणार आहेत? मला त्यांच्या जवळपास जागा मिळेल का?"

सेक्रेटरी गोंधळले. तेवढ्यात दारातून मामा धावत आले, मागून माथा पाहिला आणि ओरडले, "अहो, हेच ते! बसवा खुर्चीत!"

सगळं चर्च पुढून बघून नाही म्हणत होतं आणि मामा एकटे मागून बघून हो म्हणत होते. शेवटी मी त्यांचा दंड धरून त्यांना पुढे आणलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्या प्रवाशाचं तोंड नीट पाहिलं.

"तुमची लग्नं किती झाली?" मामांनी विचारलं.

"एकही नाही," गृहस्थ म्हणाले.

मामा मटकन बाकावर बसले. कोणीतरी फिसकन हसलं. गृहस्थांनी एकदा त्या मखमली खुर्चीकडे पाहिलं, एकदा आम्हा सगळ्यांकडे, आणि काठी सावरली.

मामी गायनमंडळातून खाली उतरल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. या आता मामांना सगळ्यांदेखत फैलावर घेणार, अशी माझी खात्रीच होती. पण त्या मामांच्या बाजूने तशाच पुढे गेल्या आणि गृहस्थांसमोर उभ्या राहिल्या.

"तुमचं नाव काय?"

ते आल्यापासून कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी हळूच सांगितलं.

"काम काय करता?"

"चष्म्याच्या काचा घासतो. दुकानात, मागच्या खोलीत."

मामींनी फुलं घेतली, माईकपाशी गेल्या आणि त्यांचं पूर्ण नाव खणखणीत आवाजात सांगून म्हणाल्या, "हे आपले आजचे पाहुणे." टाळ्या वाजायला जरा वेळ लागला, पण वाजल्या. असं का केलंत, हे मी नंतर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गळ्यापर्यंत गुंडी लावून आला होता गं. आपल्याकडे यायचं म्हणून."

पाळकसाहेबांनी आपली आठ पानं चाळली, पुन्हा चाळली आणि घडी करून खिशात घातली. "ही या पाहुण्यांना लागू पडत नाहीत," ते म्हणाले. "आणि आता वाचून वाटतं, कुणालाच लागू पडत नाहीत. देवाला माणूस ओळखायला फाटकावर फोटो लागत नाही. मी मात्र घरची खुर्ची आणली. मला क्षमा करा." एवढं बोलून ते खाली बसले. त्यांचं इतकं छोटं आणि इतकं चांगलं प्रवचन मी दुसरं ऐकलेलं नाही, माझा राग तिथेच गेला.

मग गीत झालं. गृहस्थ म्हणाले होते ते अगदी खरं होतं, ते चांगले गात नव्हते. पण आवाज मोठा होता. दुसऱ्या कडव्यापर्यंत सुरातल्या तिघीही भरकटल्या. मामी पुस्तक धरून गृहस्थांना ओळी बोटाने दाखवत होत्या. तीन महिने त्या या गीतासाठी झटल्या होत्या. तिसऱ्या कडव्याला त्यांना हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे पुसायलाही लागल्या. त्यातलं किती हसण्याचं आणि किती रडण्याचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मामी गृहस्थांना सोडायला फाटकापर्यंत आल्या, तिथे मामा हात जोडून उभे राहिले. "साहेब, खोटं बोलवत नाही. मी तुम्हाला दुसराच कुणी समजलो. आणि अगं, तुलाही मी तोंडघशी पाडलं."

"तुम्ही लग्नाचं विचारलंत तेव्हाच मला कळलं," गृहस्थ म्हणाले. "निघालोच होतो मी. पण बाईंनी नाव विचारलं, म्हणून थांबलो."

"पुढच्या रविवारी याल?" मामांनी कसंबसं विचारलं.

"आता कोण म्हणून येऊ?" गृहस्थ हसत म्हणाले, पण हसू पुरतं उमटलं नाही.

मामींनी त्यांच्या काखेत गीतांचं पुस्तक खोचलं. "उशिरा येऊ नका म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "सराव नऊला सुरू होतो, आणि तुम्हाला त्याची फार गरज आहे."