थोरल्या भाऊजींनी वायफाय दुरुस्त केलं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बारा वाजता लेकीची नोकरीसाठीची ऑनलाइन परीक्षा होती आणि साडेदहाला कळलं, की लॅपटॉपचं वायफाय गेलंय. परीक्षा मोबाईलवर चालत नव्हती. तालुक्याला लोहाऱ्यात जाऊन बसावं, तर सणामुळं नेटची दुकानं बंद. मोबाईलची वायर लॅपटॉपला जोडून पाहिली, पण ती नुसती चार्जिंगपुरती निघाली. वर्षभर तिनं या एका पेपरसाठी डोळे फोडून घेतले होते.

लॅपटॉप जुना, कुठल्यातरी ऑफिसातून काढून टाकलेला. लेकीनं त्यावर नेहमीच्या सिस्टीमऐवजी लिनक्स घातलं होतं, कारण ते फुकट मिळतं आणि थकलेल्या मशीनवरही पळतं. थोरल्या भाऊजींना, म्हणजे माझ्या मालकांच्या मोठ्या भावाला, हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. फुकट मिळतं त्यात खोट असणारच, असं त्यांचं म्हणणं. ते शाळेत क्लार्क होते. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिक त्यांनी काढलं होतं. तेव्हापासून आमच्या घराण्यात कॉम्प्युटरमधलं फक्त त्यांनाच कळतं.

ते आले. आधी चहा झाला, कारण त्याशिवाय निदान होत नाही. मग वायफायची डबी चारदा बंद-चालू करून डबीच जळाली असं ठरलं. लेक म्हणाली, "तात्या, डबी चांगली आहे. माझा मोबाईल तिच्यावरच चालतोय."

"मोबाईलचं येगळं असतंय," भाऊजी म्हणाले आणि मालकांना गाडीवर मुरुमच्या बाजारात पिटाळलं, नवी डबी आणायला. मालकही गेले. भावाला उलटं विचारायची पद्धत आमच्यात नाही.

लेकीनं मग काळी खिडकी उघडून काहीतरी टाईप केलं. मशीननं उत्तर दिलं, हार्ड ब्लॉक्ड, येस. तिनं समजावून सांगितलं, की सिस्टीमनं काही बंद केलेलं नाही, मशीनवरच्या खऱ्या बटणानं वायफाय बंद झालंय. दोघांनी कीबोर्ड पालथा घातला. तसलं बटण काही सापडलं नाही. तेव्हा भाऊजींनी हार्ड म्हणजे हार्डडिस्क गेली असं सांगून टाकलं आणि खिशातून पेनड्राईव्ह काढला. सगळं पुसून नेहमीची सिस्टीम टाकू, दहा मिनिटांचं काम. लेक विनवत होती, की हॉलतिकीट यातच आहे, परीक्षेचं सगळं यातच आहे. शेवटी डोळे पुसत ती अंगणात गेली, मैत्रिणीला फोन करून तिचा लॅपटॉप मागायला.

मी स्वयंपाकघराच्या दारात पदर घेऊन उभी होते. बटण हा शब्द मघापासून डोक्यात घोळत होता, लेक बाहेर गेल्यावर एकदम उजेड पडला. आदल्या दिवशी मी विळे, खुरपी, शिलाई मशीन यांच्याबरोबर लॅपटॉपचीही पूजा केली होती. लेकीचं हत्यार तेच. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी वाटलं, कुंकू आत जाईल, म्हणून ओल्या फडक्यानं सगळ्या कडा पुसल्या. पुढच्या काठाला नखाएवढं काहीतरी बोटाखाली टक करून सरकलं. झाकणाची कडी असेल म्हणून मी सोडून दिलं.

आता सांगायचं कुणाला? लेक अंगणात फोनवर, मालक मुरुमला. थोरल्या भाऊजींसमोर सुनेनं बोलायचं नसतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही. चहा झाला असेल, तर मी भिंतीला सांगते, चहा झाला म्हणावं. भिंत आजवर कधी चुकली नाही. पण त्या दिवशी भिंतीला बटण सरकवता येईना.

पावणेबारा झाले. पेनड्राईव्ह लावून भाऊजींनी मशीन बंद करायला बोट नेलं.

"भाऊजी, पुसू नका," मी म्हणाले. "पुढच्या काठाला बारकं बटण हाय. काल पूजेचं कुंकू पुसताना माझ्याच हातनं सरकलं."

त्यांनी लॅपटॉपकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मशीन बोलली असती, तर त्यांना एवढं नवल वाटलं नसतं. मग त्यांनी काठावरून बोट फिरवलं. टक. कोपऱ्यात वायफायच्या रेघा उमटल्या.

मी हाक मारली, तशी लेक धावत आत आली. भाऊजी खुर्चीवरून उठत म्हणाले, "बस आता. सिस्टीमच तसली हाय, पण आणली मी वळणावर."

ती बसली. बाराला दहा मिनिटं होती. मालक नवी डबी घेऊन आले, तेव्हा पेपर अर्धा झाला होता.

संध्याकाळी थोरल्या जाऊबाई मुद्दाम आल्या. आल्या आल्या विचारलं, "ह्यांच्याशी तोंडावर बोललीस म्हणं?"

"व्हय."

"काय बोललीस?"

"बटण हाय म्हणलं."

त्यांनी चहा अर्धा टाकला आणि ही बातमी शेजारी पोचवायला गेल्या. दिवे लागेपर्यंत गल्लीला दोन गोष्टी पाठ झाल्या. थोरल्यांनी लॅपटॉप दुरुस्त केला आणि धाकटीनं पदर सोडला. पदर जागेवरच होता, पण ते कोण बघतं.

पेपर कसा गेला, हे कुणी विचारलं नाही. सगळे पांगल्यावर मीच लेकीला विचारलं. तीन प्रश्न राहिले, म्हणाली, बाकीचे सगळे सोडवले.