परतीचं तिकीट ताईंच्या खिडकीवर

नलिनीताईंच्या हातचा पहिला चहा मला फुकट पडला नाही. चुकलेली गाडी, हातचं गेलेलं गिऱ्हाईक आणि बर्फात भिजलेले मोजे, एवढी त्याची किंमत. मशीनचे सुटे भाग विकत मी तेव्हा जपानभर फिरत असे. सेंदाई शहराजवळच्या एका शाखामार्गावर गाडी डोळ्यांदेखत सुटली आणि मी मराठीत एक शिवी हासडली. तिकिटाच्या खिडकीतून मराठीतच आवाज आला, "अहो, पुढची दुपारी आहे. आत या, शेगडीपाशी बसा."

यजमानांच्या संशोधनामुळे ताई इकडे आल्या आणि घर स्वस्त म्हणून या गावात राहिल्या. रेल्वेने स्टेशनवरचा आपला माणूस कधीच काढून घेतला होता. तिकिटं गावातल्या बायका आळीपाळीने विकत. ताई त्यांतल्याच एक झाल्या. विक्री घटली तर खिडकी बंद, आणि खिडकीबरोबर शेगडीची खोलीही. गावातल्या म्हाताऱ्यांना बसायला दुसरी जागा नव्हती.

म्हणून ताईंनी सेंदाईच्या आपल्या मराठी मंडळाला दर महिन्याला जेवायला बोलवायला सुरुवात केली. आम्ही गाडी भरून जात असू. पुरणपोळ्या खाऊन जडावलेलो असताना एकदा शेजारच्या वृद्ध ओनो-सान ताईंना जपानीत म्हणाल्या, "इतके लोक येतात, पण तिकीट कुणीच घेत नाही. यांना परत जायचं नसतं का?"

"हळू बोला, ओनो-सान. पाहुणे आहेत."

माझे कान तिखट. परतीचं तिकीट आधीच काढून निघायची आपली सवय. सगळी विक्री सेंदाई स्टेशनच्या खात्यात जात होती.

"ताई, बोलला का नाहीत?"

"जेवायला बोलवायचं आणि तिकिटाचं बोलायचं? शोभतं का ते?"

त्यानंतर आम्ही एकेरी तिकीट काढून जाऊ लागलो. परतताना खिडकीपुढे रांग लागे आणि ओनो-सान टाळ्या वाजवत. गणेशोत्सवात आमचे अध्यक्ष माइकवरून गरजले, "मराठी माणसाने जपानात स्टेशन वाचवलं!" ताई मागे पातेली घासत होत्या.

पुढे मंडळातल्यांची नोकरीची कंत्राटं संपली, माणसं पांगली. माझाही धंदा बसला. एका हिवाळ्यात मी उगाचच त्या स्टेशनवर उतरलो. ताईंनी गरम भात वाढला, माझी परतीची गाडीही जाऊ दिली आणि म्हणाल्या, "दमलात. बसा." तेवढं मला तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं.

ताई यंदा साठीच्या झाल्या. गुडघे कुरकुरतात, यजमान परत चला म्हणतात. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, त्यात दुखणी कमी असोत आणि त्यांनाही कुणी "बसा" म्हणणारं मिळो. शेगडीची खोली उघडी राहावी म्हणून गावाने तिची किल्ली रेल्वेकडून मागून घेतली आहे. ताई रोज सकाळी जाऊन शेगडी पेटवतात. तिकिटाची खिडकी गेल्या मार्चअखेरीस बंद झाली.