उशीवरून दिसणारं दार

फोटोवाल्यांनी जन्मभर माणसं समोरूनच पाहिली. स्टुलावर बसवायचं, हनुवटी किंचित खाली, खांदे सरळ, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत, झालं. ओळखपत्राच्या फोटोला आणखी काय लागतं? लोळून, वाकून, खुर्चीवर चढून फोटो काढणाऱ्यांना ते माकडं म्हणत. असा हा माणूस साठी उलटल्यावर पलंगावर उताणा पडून पाण्याच्या तांब्याचे फोटो काढू लागला आणि वर ते दुकानाच्या काचेत लावू लागला. मग गल्लीने ठरवून टाकलं की बायको गेल्यापासून यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. लोकांचं काय, दुसऱ्याच्या डोक्याचा निकाल लावायला त्यांना वेळ लागत नाही.

पुढे दुकान, मागे राहायची खोली, मध्ये एक दार. त्या खोलीत फोटोवाल्यांची बायको अर्ध्या अंगाने लुळी होऊन दोन वर्षं पडून होती. त्यांनी तिचं सगळं केलं, अगदी वेणीफणीसुद्धा. त्याबद्दल कुणाची बोट दाखवायची छाती नाही. तिची जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. निदान तोवर तरी तसंच वाटत होतं.

"अहो," एके दिवशी ती म्हणाली, "दारात कुणीतरी येऊन उभं राहतं."

"कोण?"

"काळंकाळं. तोंडच नाही त्याला. बोलत नाही. नुसतं बघतं नि जातं."

फोटोवाले आधी हसले. तिने रोज तेच सुरू केल्यावर चिडले. शेवटी त्यांनी आपल्या धंद्याला शोभेल तो उपाय केला. पलंगाशेजारी उभं राहून दाराचा फोटो काढला, छापला आणि तिच्या डोळ्यांपुढे धरला. "हातच्या काकणाला आरसा कशाला? बघ. आहे का कुणी?"

फोटोत मोकळं दार होतं आणि पलीकडे दुकानातले दिवे. तिने बराच वेळ पाहिलं. "नाही," म्हणाली. डॉक्टरांनी भासांवर गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिला सारखी गुंगी यायची. त्या माणसाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, आणि तशीच एक दिवस गेली.

"बाबा, तो पलंग आता देऊन टाकू," मुलगी म्हणायची. "देऊ की," म्हणत त्यांनी ते लांबणीवर टाकलं. मग एका दुपारी पाठ टेकायला म्हणून ते त्याच पलंगावर आडवे झाले आणि त्यांना स्वतःची खोली ओळखू येईना. टेबलाच्या खालच्या बाजूला रंगच दिलेला नव्हता, तिथे सुताराने पेन्सिलीने आकडे लिहिले होते. पंख्याच्या पात्यांना धुळीची दाढी आली होती. स्टुलावरच्या औषधाच्या बाटल्या तर अंगावर वाकून पाहत होत्या. जन्म या खोलीत काढला, पण ही खोली आपण पाहिलीच नव्हती, हे त्यांना कळलं.

त्यामागोमाग दुसरा विचार आला. तिला खरंच काही दिसत असलं तर? भास असले तर गोळ्या बरोबर होत्या, प्रश्न मिटला. पण भास नसले, तर शहाण्या बाईला आपण वेडी ठरवलं आणि गुंगीत ठेवून मारलं. तिला काय दिसत होतं ते बघितल्याशिवाय सुटका नव्हती.

म्हणून ते फोटो. उशीवर डोकं टेकून त्यांनी तांब्या टिपला, खुर्ची टिपली, खुंटीवरची पिशवी टिपली. खालून पाहिली की ती पिशवीसुद्धा टांगलेल्या माणसासारखी दिसायची. दार मात्र रोज उद्यावर ढकलायचं. खरं सांगायचं तर ते घाबरत होते. दारात कुणी दिसेल याची भीती होती, आणि कुणी दिसणार नाही याचीही.

त्या दिवशी मुलगी दुकान सांभाळत होती. फोटोवाले पलंगावर पडून कॅमेऱ्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहत होते. डोळ्याला लावलेला कॅमेरा सावकाश सरकवत गेले आणि चौकटीत दार आलं.

दारात कुणीतरी उभं होतं.

काळंकाळं. मागे पांढराफटक उजेड आणि तोंडाच्या जागी काहीच नाही. बोलत नव्हतं, हलत नव्हतं, नुसतं त्यांच्याकडे बघत होतं. फोटोवाल्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. बोटाने सवयीने बटण दाबलं.

"को... कोण आहे?"

"मी आहे, बाबा." मुलगी दोन पावलं आत आली आणि त्या काळ्या आकाराला तिचा चेहरा आला. "घाबरलात?"

"न बोलता का उभी राहिलीस अशी?"

"डोळा लागलाय वाटलं. म्हटलं, झोपमोड नको. नुसतं बघून जाणार होते."

फोटोवाले उठून बसले. उजेडाकडे पाठ करू नका, तोंड काळं येतं, हे त्यांनी गिऱ्हाइकांना जन्मभर बजावलं होतं. आणि दोन वर्षं, एक गिऱ्हाईक उठून दुसरं बसेपर्यंत, पाठीमागे दुकानातले दोन्ही दिवे जळत असताना, तेच या दारात येऊन उभे राहत होते. तिचा श्वास चालू आहे ना बघायला. चपला काढून, चाहूल लागू न देता. आणि तो पुरावा म्हणून दाराचा फोटो काढला, तेव्हा ते पलंगाशेजारी होते. मग दारात कोण दिसणार?

मुलीने कॅमेरा हातात घेऊन स्वतःचा फोटो पाहिला. "अगं बाई, मी तर भूतच दिसतेय," ती हसली.

"तुझ्या आईला भास होत नव्हते," फोटोवाले म्हणाले.

तिचं हसू मावळलं. "म्हणजे? कुणी यायचं इथे?"

"मी यायचो."

मुलगी त्यांच्याजवळ पलंगावर बसली. "तुम्ही काळजीपोटी यायचात, बाबा. एक हाक मारली असतीत तर..."

"कशी मारणार? शेवटी शेवटी मी दारात आलो की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची," फोटोवाले म्हणाले. "मला वाटायचं, झोपलीय."