प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ

आमच्या वन्सं अंधशाळेसाठी घरच्या कॉम्प्युटरवर पाठ्यपुस्तकं टाइप करतात. त्या फाइल पाठवतात आणि छापखान्यातलं मशीन ती ब्रेलच्या ठिपक्यांत जाड कागदावर उमटवतं. काम चोख, त्यामुळे कुणाचं बोलणं ऐकून घ्यायची त्यांना सवय नाही.

या वेळी इतिहासाचं पुस्तक छापून आलं ते दुप्पट जाड. प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ.

"ताई, तुम्ही एंटर दोनदा दाबताय," छापखानेवाले फोनवर म्हणाले.

"एकदाच दाबते. माझ्या स्क्रीनवर कोरी ओळ नाही."

"आमचं मशीन कालपरवाच घेतलंय. ते कशाला चुकेल?"

वन्संनी डोळ्यांची आग होईपर्यंत सगळे धडे पुन्हा तपासले. काही सापडलं नाही. फाइल पुन्हा पाठवली, पुन्हा तेच. माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे ना अक्का, वाचता तर येतंय." त्याच्याशी बोलणंच टाकलं त्यांनी.

शेवटी मला घेऊन त्या छापखान्यात गेल्या. तिथले मुद्रितशोधक स्वतः अंध. पानावरून बोटं फिरवत ते म्हणाले, "माणूस कुठे चुकतो, कुठे नाही. हे सगळीकडे सारखं आहे." तेव्हा कुठे छापखानेवाल्यांनी मशीनच्या कंपनीला फोन लावला.

भानगड अशी निघाली. वन्संच्या कॉम्प्युटरवर विंडोज. तिथे ओळ संपली की न दिसणाऱ्या दोन खुणा पडतात: ओळीच्या सुरुवातीला जा आणि खाली उतर. मशीन चालतं लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर, तिथे एकच खूण पुरते. दोन आल्या की ते दोनदा खाली उतरत होतं. सेव्ह करताना लिनक्सचा पर्याय निवडला की झालं.

"एवढंच?" वन्सं म्हणाल्या. "आणि मी खोटी ठरले."

छापखानेवाल्यांनी चहा मागवला. वन्संनी घेतला नाही.

घरी येऊन त्यांनी एकेक धडा उघडून बदलला. पुस्तक नीट छापलं. फाइलची एक प्रत शाळेलाही जाते; मग तिथल्या बाईंचा फोन आला. त्यांच्या जुन्या विंडोजला दोन्ही खुणा लागतात; नवी फाइल उघडली तर सगळा इतिहास एकाच ओळीत, सलग.

आता वन्सं प्रत्येक पुस्तकाच्या दोन फाइली ठेवतात, छापखान्याची वेगळी, शाळेची वेगळी. एक काना चुकला तरी दोन्हीकडे दुरुस्त करायचा. तेव्हा खोलीत कुणी जात नाही.