गाडी चुकली तर काय करशील?

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी वडगावच्या शाळेत शिक्षक होतो. ट्रेनिंग कॉलेजातले माझे एक प्राध्यापक मुलांच्या बुद्धिमापनाच्या इंग्रजी चाचण्या मराठीत आणत होते. गावोगावच्या मुलांना ते प्रश्न विचारून उत्तरं लिहून आणायची, हे काम त्यांनी आम्हा काही जुन्या विद्यार्थ्यांना दिलं होतं.

रेल्वेलाइनवरच्या वडगाव आणि घोरावाडीला काम सुरळीत झालं. मग बैलगाडीनं तिकोणा पेठ या डोंगरातल्या गावी गेलो. तिथल्या शाळेत मुलगी एकच, आठेक वर्षांची.

"गाडी चुकली तर तू काय करशील?"

"चाकांची चाकुरी बघंन," ती म्हणाली. "न्हाई दिसली तर बैलाचा कासरा सैल सोडंन. त्यो बराबर घरला नेतो."

अपेक्षित उत्तर होतं, पुढच्या गाडीची वाट पाहीन. मी शून्य दिलं.

"लाकूड आणि काच यांत फरक काय?"

"फरक म्हंजी?"

प्रश्न समजावून सांगायचा नाही, असा नियम होता. मी तिथंही शून्य लिहिलं. शेवटी बेरीज केली आणि तिच्या देखतच तिथल्या मास्तरांना सांगून टाकलं, "बुद्धी पाच वर्षांच्या मुलाएवढी."

परत येताना गाडीवानाला तिचं उत्तर हसत हसत सांगितलं. तो हसला नाही.

"बरूबर हाय की. धुक्यात आमी त्येच करतो."

मला ओशाळल्यासारखं झालं. त्या रविवारी पुण्याला जाऊन प्राध्यापकांना सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "प्रत्येकाच्या सोयीनं शब्द बदलले, तर तुलना कशी करायची?"

"पण सर, तिनं रेल्वे पाहिलेलीच नाही."

त्यांनी तिच्या उत्तरांचा कागद मागून घेऊन वाचला. मग म्हणाले, "नवे प्रश्न तयार करा. पण सगळ्या गावांत तेच विचारा."

महिन्याभरानं पुन्हा पेठेला गेलो, तर ती शाळेत नव्हती. माझं बोलणं मास्तरांनी तिच्या वडिलांच्या कानावर घातलं होतं आणि वडिलांनी तिचं नाव शाळेतून काढून घेतलं होतं. मी तसाच त्यांच्या खळ्यावर गेलो. भाताची झोडणी चालली होती.

"भाऊ, चूक माझी झाली. प्रश्नच बरोबर नव्हते."

"तुमीच सांगितलं, आन् आता तुमीच न्हाई म्हनता?"

मी तिला तिथंच बोलावलं. "लाकूड आणि बांगडीची काच, दोन्ही सारखी का वेगळी?"

"येगळी. काच फुटती, लाकूड मोडतं. लाकूड चुलीत जळतं, काच न्हाई जळत."

वडिलांचा हात थांबला नव्हता, पण ते ऐकत होते. पेंढी बाजूला टाकून म्हणाले, "उद्या धाडतो. पन मास्तर, पुन्यांदा पोरीबद्दल कायबी बोलायचं झालं, तर आदी मला इचारा."

ती चौथी पास झाली, असं मास्तरांनी कळवलं. पुढं तिचं काय झालं ते मला माहीत नाही. चाचणी छापून आली तेव्हा त्यात बांगडीच्या काचेचा प्रश्न होता. तो आपल्यामुळं आला, हे त्या मुलीला कधी कळलं नसावं.