नानांच्या राजाची उडी

ज्यांनी मला बुद्धिबळ शिकवलं, ते नाना टेलर आज सकाळी गेले.

गेली पस्तीस वर्षं ते माझ्याशी एकही डाव खेळले नव्हते.

भडगावात शाळेजवळ त्यांचं दुकान. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची, ती येईपर्यंत मी तिथेच. मशीनशेजारी पट मांडलेला. नाना शिवता शिवता मला हरवायचे.

खेळ देशी. राजाला शह बसलेला नसेल, तर त्याने एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायची. गावात बठ्ठे, म्हणजे सगळेच, तसे खेळायचे.

जळगावच्या टुर्नामेंटला नानांनी स्वतःचा सदरा कापून मला शर्ट शिवला.

शेवटच्या डावात, जिंकत असताना, मी राजाची उडी मारली.

समोरचा मुलगा हसला. पंच म्हणाले, "बाळ, राजा असा चालत नाही. हात लावलास ना, आता राजाच हलव."

हलवला. मात झाली.

परतताना एसटीत नाना म्हणाले, "तुनी चूक नई रे. मनी शे. आते मनासंगे खेळू नको."

पुढच्या रविवारपासून मला धुळ्याला एका सरांकडे नेऊ लागले. मी आत शिकायचो. नाना ओट्यावर काजं करत बसायचे. पटाकडे बघायचेसुद्धा नाहीत.

चेसवरच मला नोकरी लागली. आईचं कापूस वेचणं थांबलं.

दर दिवाळीला विचारायचो, "नाना, एक डाव?"

"तुले मनी सवय लागी."

"नाना, आता मीच पोरांना शिकवतो. केस पिकले माझे."

"केसले काय व्हस? हात तोच शे ना."

गेल्या आठवड्यात स्ट्रोक आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. मी कानबाईमातेकडे फक्त एक डाव मागितला.

काल हॉस्पिटलात पट नेला. "नाना, देशी खेळू."

त्यांनी मान डोलावली. डावा हात थेट राजावर ठेवला. पहिल्याच चालीला. उडीच मारायची होती त्यांना.

बोटं मिटेनात. राजा आडवा झाला. मी उभा केला. परत आडवा.

"मी हलवू?"

नको म्हणाले, मानेनेच.

मग नर्स आली, पट उचलायला लावला.

आत्ता तोच पट देव्हाऱ्यापुढे मांडलाय. त्यांचा राजा माझ्या हातात आहे. उडीला दोन घरं मोकळी आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे.

त्यांना कुठे न्यायचा होता, मला माहीत नाही.

नाना, रामराम.