टिनाच्या खोलीतला प्रोसेसर

मित्रांनो, आज गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायले यवतमाळले गेलतो. ठरवलेला प्रोसेसर सोडून दुसराच घेऊन घाटंजीले परत आलो, तरी मन लय खुश हाये.

तीन महिने व्हिडिओ पाहून मी आठ कोरचा प्रोसेसर पक्का केलता. बजेटमधले बहुतेक पैसे त्याच्यातच जात होते, पण मले तोच पाहिजे होता. दुकानवाल्या वंदनाताई स्वतः कॉम्प्युटर जोडून देतात. मी ऐटीत प्रोसेसरचं नाव सांगितलं, तर त्यायनं हातातला पेचकस खाली ठेवून विचारलं, "भाऊ, ठेवशील कुठं? स्लॅबच्या खोलीत का टिनाच्या छताखाली?"

मी चिडलोच. "ताई, मी प्रोसेसर घ्यायले आलो, प्लॉट नाही."

"सांग तर खरं."

"टिनाच्या."

"मग मे महिन्यात तुहा हा पैलवान तापून अर्ध्या ताकदीनं चालन. हा सहा कोरचा घे, कमी तापते. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात टाक."

मले पटेना. त्यायनं तोच सहा कोरचा प्रोसेसर टाकून जोडलेला कॉम्प्युटर चालू केला आन् माह्या आवडीचा गेम खेळू देला. अर्धा तास खेळलो, एकदाही अडकला नाही.

महागाचा विकून मोकळ्या झाल्या असत्या, तर मले कळलंही नसतं.

एवढे व्हिडिओ पाह्यले, पण माह्या डोक्यावर छत कशाचं हाये, हे एकानंही विचारलं नव्हतं. तुमच्या गावात आधी घर विचारून मग सामान विकणारं कोणी हाये का?